घरच्या लिनक्स नेटवर्कवर पत्ता टिकत नाही, नाव सापडत नाही: काय, का आणि कसं बसवायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी फायबर आहे, सेवादात्याने दिलेला राऊटर १९२.१६८.२९.१ वर आहे. जुन्या डेस्कटॉपवर डेबियन १२ टाकून त्याचा फाईल सर्व्हर केलाय, त्याचं नाव 'कोठार'. शिवाय लिनक्स मिंटचा लॅपटॉप, एक राझबेरी पाय, नेटवर्क प्रिंटर आणि घरातले फोन. वीज जाऊन आली की कोठारचा पत्ता बदलतो आणि सगळे शॉर्टकट मोडतात. 'कोठार.लोकल' लॅपटॉपवर पिंग होतं, पण 'डिग'ला (डीएनएसला, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेला, थेट प्रश्न विचारणारी आज्ञा) तेच नाव सापडत नाही आणि एका फोनला तर कधीच सापडत नाही. रिझॉल्व्ह.कॉन्फ फाईलमध्ये (कोणत्या डीएनएस सर्व्हरला विचारायचं ते इथे असतं) केलेला बदल दुसऱ्या दिवशी गायब असतो. मध्यंतरी डीएनएसमास्क (घरच्या घरी पत्ते आणि नावं वाटणारा छोटा प्रोग्रॅम) बसवून दुसरा डीएनएस म्हणून गूगलचा ८.८.८.८ दिला, तर नाव कधी मिळायचं, कधी नाही.

यातली प्रत्येक तक्रार वेगळी दिसते, पण मूळ एकच आहे: पत्ते वाटणारे दोघे-तिघे आहेत, नावं सांगणारे तीन-चार आहेत, आणि कोण कधी उत्तर देतो हे ठरलेलं नाही. म्हणून आधी उत्तर येतं कुठून हे बघायला शिका, मग पत्ते एका हाती द्या, मग नावं. हा क्रम उलटा केला की चाचपडणं संपत नाही. (आज्ञा आणि फाईलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलवर नेहमीच्या रोमन अक्षरांत टाइप करा.)

नाव विचारल्यावर नेमकं काय घडतं

लिनक्सवर ब्राउझर, पिंग, एसएसएच यांच्यापैकी कोणीही नाव शोधायला निघालं की ते थेट डीएनएसकडे जात नाही. ते सी लायब्ररीला विचारतं, आणि लायब्ररी ईटीसी डिरेक्टरीतल्या 'एनएसस्विच.कॉन्फ' या फाईलमधली 'होस्ट्स' ने सुरू होणारी ओळ वाचते. मिंटवर ती साधारण अशी असते:

होस्ट्स: फाईल्स एमडीएनएस४_मिनिमल [नॉटफाउंड=रिटर्न] डीएनएस

डावीकडून उजवीकडे वाचा. आधी 'फाईल्स', म्हणजे ईटीसीतली होस्ट्स फाईल. तिथे नाव नसेल तर 'एमडीएनएस४_मिनिमल'. हा फक्त '.लोकल' ने संपणाऱ्या नावांत लक्ष घालतो. बाकी नावं तो न हाताळता पुढे सोडतो. '.लोकल' असेल तर तो अवाही सेवेमार्फत २२४.०.०.२५१ या मल्टिकास्ट पत्त्यावर, ५३५३ पोर्टवर, सगळ्या घराला हाक मारतो: कोठार कोण? ज्याचं नाव कोठार आहे त्यानेच उत्तर द्यायचं. उत्तर आलं नाही की कंसातला 'नॉटफाउंड=रिटर्न' लागू होतो आणि शोध तिथेच थांबतो. उजवीकडच्या 'डीएनएस'पर्यंत तो पोचतच नाही.

आता 'डिग'चं कोडं सुटतं. डिग, होस्ट आणि एनएसलुकअप ही तिन्ही अवजारं एनएसस्विच फाईल वाचत नाहीत आणि होस्ट्स फाईलही बघत नाहीत. ती सरळ रिझॉल्व्ह.कॉन्फमधल्या सर्व्हरला विचारतात. त्या सर्व्हरला 'कोठार.लोकल' माहीत नाही, म्हणून ते 'नाही' म्हणतात. पिंगही बरोबर आणि डिगही बरोबर. दोघांचे रस्ते वेगळे आहेत.

म्हणून तपासणीसाठी पहिलं अवजार डिग नको, 'गेटएंट' हवं. 'गेटएंट होस्ट्स कोठार.लोकल' असं टाकलं की प्रत्यक्ष प्रोग्रॅमला जे उत्तर मिळेल तेच दिसतं. 'गेटएंट एहोस्ट्स' टाकलंत तर आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ दोन्ही उत्तरं मिळतात, तीही प्रोग्रॅम ज्या क्रमाने वापरतात त्या क्रमाने. गेटएंटला नाव सापडत नाही पण डिगला सापडतं, तर दोष एनएसस्विच किंवा होस्ट्स फाईलकडे आहे. गेटएंटला सापडतं आणि डिगला नाही, तर नाव होस्ट्स फाईलमधून किंवा अवाहीकडून येतंय. दोघांनाही नाही, तर डीएनएस सर्व्हरकडे जा. या एका तुलनेने निम्मं काम होतं.

याला एक अपवाद लक्षात ठेवा. अल्पाइन लिनक्सवर आधारलेल्या डॉकर कंटेनरमध्ये मसल ही वेगळी सी लायब्ररी असते. ती एनएसस्विच मानत नाही, आणि रिझॉल्व्ह.कॉन्फमधल्या सगळ्या सर्व्हरना एकाच वेळी विचारून ज्याचं उत्तर आधी येईल ते घेते. '.लोकल' नावं अशा कंटेनरमध्ये चालत नाहीत, ती चालवण्यात वेळही घालवू नका.

'.लोकल'वर किती भिस्त ठेवायची?

प्रिंटर शोधायला, नवीन राझबेरी पाय पहिल्यांदा गाठायला '.लोकल' उत्तम आहे. काहीही न बसवता चालतं. पण रोजच्या कामाला मी ते सुचवणार नाही. जुन्या अँड्रॉइड फोनना ते कळत नाही. राऊटरच्या गेस्ट वायफायवर उपकरणं एकमेकांपासून तोडलेली असतात, तिथे मल्टिकास्ट पोचत नाही. काही राऊटर तारेच्या बाजूकडून वायफायकडे मल्टिकास्ट नीट पुढे ढकलत नाहीत. मग वायरवरच्या लॅपटॉपला नाव मिळतं आणि वायफायवर गेला की मिळत नाही. आणि कोठार एकाच वेळी वायर आणि वायफाय दोन्हींनी जोडलेला असेल, तर अवाहीला कधीकधी आपलंच नाव दुसरं कोणीतरी वापरतंय असं वाटतं आणि तो 'कोठार-२.लोकल' होऊन बसतो. सर्व्हरचं वायफाय बंद ठेवा.

मुख्य म्हणजे आपल्या घरच्या डीएनएसचं डोमेन म्हणून '.लोकल' कधीच निवडू नका. ते २०१३ च्या मानकाने मल्टिकास्टसाठी राखून ठेवलंय, आणि वरची एनएसस्विचची ओळ त्यामुळेच आडवी येते. घरासाठी रीतसर राखलेलं डोमेन आहे 'होम.आर्पा', २०१८ पासून. २०२४ मध्ये आयकॅनने (इंटरनेटवरच्या नावांची व्यवस्था बघणारी संस्था) '.इंटर्नल'सुद्धा खाजगी वापरासाठी राखून ठेवलं, ते दिसायला बरं आहे. तरी मी होम.आर्पाच निवडतो: सार्वजनिक डीएनएसमध्ये त्याची नोंद मुद्दाम सही न केलेली ठेवली आहे, त्यामुळे डीएनएससेक (डीएनएसच्या उत्तरांवरच्या सह्या) तपासणारं यंत्र घरच्या उत्तराला खोटं ठरवत नाही. '.डेव्ह' किंवा मनाला येईल ते डोमेन घेऊ नका. '.डेव्ह' हे गूगलकडचं खरं डोमेन आहे आणि ब्राउझर त्यावर एचटीटीपीएसशिवाय जातच नाहीत. घरच्या प्रिंटरचं साधं पान उघडणार नाही.

पत्ते आधी

घरात २५४ पत्त्यांचा एक पट्टा पुरतो. तुमचा १९२.१६८.२९.०/२४ ठीक आहे. राऊटरवर १९२.१६८.०.० किंवा १९२.१६८.१.० असतं तर मी बदलायला सांगितलं असतं, कारण ऑफिसचा व्हीपीएन किंवा दुसऱ्याच्या घरचं वायफाय नेमकं तेच असतं आणि मग १९२.१६८.१.१० म्हणजे इथलं की तिथलं हे यंत्राला कळत नाही. डॉकर १७२.१७.०.० पासून आणि लिबव्हर्ट (व्हर्च्युअल मशिन चालवणारं) १९२.१६८.१२२.० पासून पत्ते घेतं, तेवढे टाळा.

पट्ट्याची वाटणी कागदावर करा. १ राऊटर. २ ते ४९ कायमचे पत्ते: कोठार १०, पाय ११, प्रिंटर २०. ५० ते ९९ मोकळे. १०० ते १९९ डीएचसीपीने (उपकरणांना आपोआप पत्ते देणारी सेवा) वाटायचे. कायमचा पत्ता वाटपाच्या पट्ट्याबाहेर हवा, हा नियम मोडला की तुमची वीज गेल्यानंतरची तक्रार उभी राहते. बरेच घरगुती राऊटर कोणाला कोणता पत्ता दिला याची यादी फक्त मेमरीत ठेवतात. वीज आली की यादी कोरी असते. आधी जो हात वर करेल त्याला जुना पत्ता मिळतो, आणि उशिरा बूट होणाऱ्या कोठारला दुसराच मिळतो. कोठारवर हाताने पत्ता बसवला असेल पण तो वाटपाच्या पट्ट्यातलाच असेल, तर आणखी वाईट: राऊटर तोच पत्ता एखाद्या फोनला देतो आणि दोघंही अडखळत चालतात. संशय आला तर लॅपटॉपवरून 'आर्पिंग' चालवा, कोठारच्या पत्त्यावर. दोन वेगळ्या मॅक पत्त्यांकडून (नेटवर्क कार्डाची स्वतःची ओळख) उत्तरं आली की निदान झालं.

प्रिंटर, पाय आणि लॅपटॉप यांना डीएचसीपीवरच ठेवून राखीव पत्ता द्या, म्हणजे मॅक पत्त्याशी बांधलेला. त्यामुळे सगळी यादी एका जागी राहते. हाताने पत्ता बसवायचा तो फक्त राऊटरला आणि जे यंत्र पत्ते आणि नावं वाटणार आहे त्याला, म्हणजे कोठारला. राखीव पत्ता लागू होत नाही असं दिसलं तर दोन कारणं आधी तपासा. फोन प्रत्येक वायफायसाठी बनावट मॅक पत्ता वापरतात (अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून ते मुळातच चालू असतं); घरच्या नेटवर्कपुरतं ते बंद करा. फेडोरा ४० पासून लिनक्स लॅपटॉपही वायफायवर असंच करतो. दुसरं, सिस्टमडी-नेटवर्कडी (काही लिनक्सवर नेटवर्क सांभाळणारी सेवा) डीएचसीपीला मॅकऐवजी मशीन-आयडीवरून बनवलेली ओळख सांगतं. उबंटू सर्व्हरवर नेटप्लॅनच्या फाईलमध्ये 'डीएचसीपी-आयडेंटिफायर: मॅक' ही ओळ घाला. क्लोन केलेल्या दोन व्हर्च्युअल मशिनना एकच पत्ता मिळतो तो याच कारणाने: मशीन-आयडीही क्लोन झालेला असतो.

कोठारवर कायमचा पत्ता

इथे जालावरच्या निम्म्या सूचना चुकतात, कारण त्या तुमच्या यंत्रावर नेटवर्क सांभाळणारा कोण आहे हे न विचारताच फाईल संपादायला सांगतात. राझबेरी पायचं उदाहरण ठळक आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या बुकवर्म आवृत्तीपासून तिथे डीएचसीपीसीडी जाऊन नेटवर्कमॅनेजर आला. डीएचसीपीसीडी.कॉन्फमध्ये चार ओळी टाका असं सांगणारे जुने लेख अजून वर दिसतात. त्या ओळी टाकून काहीही होत नाही, चूकही दाखवली जात नाही.

डेस्कटॉपशिवाय बसवलेल्या डेबियन १२ वर सहसा इफअपडाउन असतं, म्हणजे ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस ही फाईल. 'आयपी लिंक' ने आधी कार्डाचं नाव बघा, समजा ते 'ईएनपी३एस०' आहे. फाईलमधली 'आयफेस ईएनपी३एस० आयनेट डीएचसीपी' ही ओळ बदलून शेवटी 'स्टॅटिक' करा आणि खाली दोन ओळी घाला:

ॲड्रेस १९२.१६८.२९.१०/२४
गेटवे १९२.१६८.२९.१

क्रम महत्त्वाचा आहे. फाईल बदलण्याआधी 'इफडाउन', मग बदल, मग 'इफअप'. आधी बदलून नंतर चालू केलंत तर जुना डीएचक्लायंट (डीएचसीपीकडे पत्ता मागणारा प्रोग्रॅम) पाठीमागे जिवंत राहतो. 'आयपी ए' मध्ये एकाच कार्डावर दोन पत्ते दिसतात, आणि काही तासांनी तो क्लायंट नूतनीकरण करून रिझॉल्व्ह.कॉन्फ पुन्हा लिहितो. एसएसएचवरून काम करत असाल तर इफडाउन म्हणताच दोर तुटेल. फाईल नीट तपासून सरळ रीबूट करा. याच फाईलमध्ये लोक 'डीएनएस-नेमसर्व्हर्स' अशी ओळ घालतात. रिझॉल्व्हकॉन्फ पॅकेज बसवलेलं नसेल तर ती ओळ निमूट दुर्लक्षिली जाते. आणि पुढे कधी कोठारमध्ये दुसरं पीसीआय कार्ड बसवलंत आणि नेटवर्क गेलं, तर आधी कार्डाचं नाव पुन्हा बघा. बसचा क्रमांक सरकला की ईएनपी३एस० चं ईएनपी४एस० होऊ शकतं.

नेटवर्कमॅनेजर असेल (मिंट, पाय, डेबियन डेस्कटॉप) तर 'एनएमसीएलआय कनेक्शन शो' ने जोडणीचं नाव घ्या आणि 'एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय' या एकाच आज्ञेत आयपीव्ही४.ॲड्रेसेस, आयपीव्ही४.गेटवे, आयपीव्ही४.डीएनएस आणि आयपीव्ही४.मेथड मॅन्युअल हे चारही द्या. मेथड आधी एकट्याने बदलायला गेलात तर पत्ता रिकामा आहे म्हणून नकार मिळतो. पत्त्यापुढचं /२४ विसरू नका. ते नसलं तर /३२ धरलं जातं, इंटरनेट चालल्यासारखं दिसतं आणि घरातल्या यंत्रांशी बोलणं मात्र बिघडतं. शेवटी 'एनएमसीएलआय कनेक्शन अप'. इंटरफेसेस फाईलमध्ये ज्या कार्डाचं नाव आहे त्याला डेबियनवरचा नेटवर्कमॅनेजर हात लावत नाही, 'अनमॅनेज्ड' म्हणतो. म्हणून एक कार्ड एकाच्याच हवाली करा. उबंटू सर्व्हरवर नेटप्लॅनची वायएएमएल फाईल असते. तिथे 'नेटप्लॅन ट्राय' वापरा, १२० सेकंदांत होकार दिला नाही तर जुनी मांडणी आपोआप परत येते.

रिझॉल्व्ह.कॉन्फ कोण पुसतं?

'एलएस -एल' ने ती फाईल बघा. मिंट आणि उबंटूवर ती फाईल नसून सिस्टमडी-रिझॉल्व्हडीच्या (त्याच यंत्रावर नावं शोधून देणारी सेवा) फाईलकडे नेणारा दुवा असतो, आणि आत १२७.०.०.५३ हा एकच पत्ता असतो. तिथे काही लिहिणं व्यर्थ आहे. खरे सर्व्हर 'रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस' मध्ये दिसतात, प्रत्येक कार्डाखाली वेगळे. डेबियन १२ वर रिझॉल्व्हडी हे स्वतंत्र पॅकेज आहे आणि सहसा नसतं. तिथे डीएचक्लायंट किंवा नेटवर्कमॅनेजर फाईल लिहितो. नेटवर्कमॅनेजरने लिहिली असेल तर पहिल्याच ओळीत तसा शेरा असतो. तो शेरा वाचा आणि त्याच्याच सेटिंगमध्ये बदल करा. 'चॅटर' वापरून फाईल गोठवायचा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो. तो घेऊ नका. व्हीपीएन लावला की तोही फाईल लिहू शकत नाही, आणि सहा महिन्यांनी फाईल गोठवली होती हे आठवत नाही.

कोठारवर पत्ता हाताने बसल्यावर आणि डीएचक्लायंट गेल्यावर या फाईलला हात लावणारं कोणी उरत नाही. तेव्हा तिथे हाताने लिहिलेलं टिकतं.

डीएनएसमास्क: पत्ते आणि नावं एका जागी

सायमन केली यांचं डीएनएसमास्क ओपनडब्ल्यूआरटी राऊटरवर असतं आणि पाय-होलच्या (जाहिराती अडवणारा घरगुती डीएनएस) पोटातही तेच आहे. पत्ता वाटतानाच नावाची नोंद करणं ही त्याची खरी ताकद. लॅपटॉपने पत्ता मागताना स्वतःचं नाव सांगितलं की ते नाव डीएनएसमध्ये लगेच मिळू लागतं, वेगळी यादी ठेवावी लागत नाही. म्हणून डीएनएस कोठारकडे आणि डीएचसीपी राऊटरकडे अशी अर्धी विभागणी करू नका. दोन्ही कोठारकडे द्या.

ईटीसी/डीएनएसमास्क.डी खाली एक फाईल करा, घर.कॉन्फ. त्यात:

इंटरफेस=ईएनपी३एस०
बाइंड-डायनॅमिक
डोमेन-नीडेड
बोगस-प्रिव्ह
नो-रिझॉल्व्ह
सर्व्हर=१.१.१.१
सर्व्हर=९.९.९.९
डोमेन=होम.आर्पा
लोकल=/होम.आर्पा/
एक्स्पांड-होस्ट्स
डीएचसीपी-रेंज=१९२.१६८.२९.१००,१९२.१६८.२९.१९९,१२एच
डीएचसीपी-ऑप्शन=ऑप्शन:राऊटर,१९२.१६८.२९.१

आणि प्रत्येक राखीव यंत्रासाठी एक 'डीएचसीपी-होस्ट=' ओळ: मॅक पत्ता, नाव, आयपी, स्वल्पविरामाने. हा आयपी रेंजच्या बाहेरचा पण त्याच पट्ट्यातला चालतो. उदाहरणार्थ प्रिंटरचा २०.

यातल्या तीन ओळी का आहेत ते सांगितलं पाहिजे. 'नो-रिझॉल्व्ह' नसेल तर डीएनएसमास्क बाहेरचे सर्व्हर रिझॉल्व्ह.कॉन्फमधून घेतं. कोठारवर तिथे १२७.०.०.१ लिहिलेलं असणार, म्हणजे स्वतःच. डीएनएसमास्क ते ओळखून टाकून देतं, हाती एकही सर्व्हर उरत नाही आणि बाहेरच्या प्रत्येक नावाला 'रिफ्यूज्ड' मिळतं. 'लोकल=' ही ओळ घरच्या नावांचे प्रश्न बाहेर जाऊ देत नाही. आणि 'बाइंड-डायनॅमिक': बूट होताना कार्डाला पत्ता मिळण्याआधी डीएनएसमास्क सुरू झालं तर 'बाइंड-इंटरफेसेस' असताना ते पत्ता सापडला नाही म्हणून बंद पडू शकतं. डायनॅमिक असेल तर पत्ता येईपर्यंत थांबून मग ऐकू लागतं. वीज जाणाऱ्या घरात हा फरक महत्त्वाचा आहे.

आता डेबियनचा एक खड्डा, जो हमखास लागतो. कोठारची ईटीसीतली होस्ट्स फाईल उघडा. तिथे डेबियनच्या इन्स्टॉलरने टाकलेली '१२७.०.१.१ कोठार' अशी ओळ असेल. डीएनएसमास्क होस्ट्स फाईल वाचतं आणि त्यातलं सगळ्यांना सांगतं. म्हणजे लॅपटॉपने कोठार विचारलं की उत्तर येतं १२७.०.१.१, आणि लॅपटॉप स्वतःशीच जोडायला जातो. एसएसएच 'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणतं, किंवा लॅपटॉपवर एसएसएच सर्व्हर चालू असेल तर लॅपटॉपच लॉगिन मागतो! ती ओळ बदलून '१९२.१६८.२९.१० कोठार' अशी करा. एक्स्पांड-होस्ट्समुळे 'कोठार.होम.आर्पा' आपोआप तयार होईल.

'डीएनएसमास्क --टेस्ट' ने व्याकरण तपासा. सुरू करताना 'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज' आलं तर 'एसएस' ला एल, यू, एन, पी हे पर्याय देऊन ५३ पोर्ट कोणी धरलंय ते बघा. बहुतेक वेळा रिझॉल्व्हडी असतं. वरची बाइंड-डायनॅमिकची ओळ असेल तर दोघं वेगवेगळ्या पत्त्यांवर शेजारी राहू शकतात. सर्व्हरवर तरीही मी रिझॉल्व्हडी ठेवत नाही.

मग राऊटरचा डीएचसीपी बंद करा. आदल्या दिवशी राऊटरवर पत्त्याची मुदत दहा मिनिटांवर आणून ठेवा, म्हणजे सगळी उपकरणं लवकर नव्या वाटपाकडे येतील. उपकरण मुदतीच्या निम्म्यावर नूतनीकरण मागतं आणि ८७.५ टक्क्यांवर ओरडून कोणालाही विचारतं. २४ तासांची मुदत असेल तर जुनी माहिती दिवसभर रेंगाळते. दोन डीएचसीपी सर्व्हर एकत्र चालू ठेवू नका. जो आधी बोलेल त्याचं खरं, असा तो खेळ असतो, आणि दोष रोज वेगळ्या उपकरणात दिसतो. काही सेवादाते राऊटरमध्ये डीएचसीपी बंद करू देत नाहीत, डीएनएसही बदलू देत नाहीत. तिथे स्वतःचा ओपनडब्ल्यूआरटी राऊटर मध्ये बसवणं हाच नीट उपाय. तोवर प्रत्येक लिनक्स यंत्रावर हाताने डीएनएस द्या.

'दुसरा डीएनएस' आणि मागच्या दाराने येणारा

डीएनएसमास्क असूनही नाव कधी मिळायचं, कधी नाही, त्याचं कारण तो ८.८.८.८. दुसरा डीएनएस म्हणजे 'पहिल्याला माहीत नसेल तर याला विचारा' असं नसतं. 'नाही' हेसुद्धा उत्तरच आहे, त्यावर शोध संपतो. नेहमीची सी लायब्ररी पहिला सर्व्हर ५ सेकंद गप्प राहिला किंवा त्याने बिघाड कळवला तरच दुसऱ्याकडे वळते. रिझॉल्व्हडी तर एका सर्व्हरवर बसतं, तो अडखळला की दुसऱ्याकडे सरकतं, आणि पहिला परत आला तरी नव्या सर्व्हरने चूक करेपर्यंत तिथेच राहतं. कोठार एकदा रीबूट झाला की लॅपटॉप ८.८.८.८ ला चिकटतो आणि 'कोठार.होम.आर्पा' नाहीसं होतं. 'रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस' मध्ये 'करंट डीएनएस सर्व्हर' या ओळीत हे उघड दिसतं. उपकरणांना एकच डीएनएस द्या: कोठार. पर्यायी सर्व्हर हवेत ते डीएनएसमास्कच्या 'सर्व्हर=' ओळींत, जसे वर दोन दिलेत. दोन घरचे डीएनएस हवे असतील तर पायवर तीच घरची नावं असलेला दुसरा डीएनएसमास्क चालवा.

मागचं दार आयपीव्ही६ चं. डीएचसीपी तुम्ही कोठारकडे आणलंत, पण राऊटर त्याच्या आयपीव्ही६ जाहिरातींतून स्वतःचा डीएनएस सांगतच राहतो. स्टेटसमध्ये १९२.१६८.२९.१० च्या शेजारी एफई८० ने सुरू होणारा पत्ता दिसला तर हेच चालू आहे. राऊटरमध्ये ती जाहिरात बंद करा. ते जमत नसेल तर लॅपटॉपवर एनएमसीएलआयने 'आयपीव्ही६.इग्नोर-ऑटो-डीएनएस यस' करा. संपूर्ण आयपीव्ही६ बंद करू नका. राऊटरच्या बाहेरच्या बाजूचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांतला असेल तर तुम्ही सेवादात्याच्या सामाईक नॅटमागे (अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता) आहात, आणि बाहेरून कोठारपर्यंत थेट यायचा रस्ता आयपीव्ही६ हाच उरतो.

फोनवर 'प्रायव्हेट डीएनएस'मध्ये एखाद्या सेवेचं नाव भरलेलं असेल तर घरची नावं मिळणार नाहीत, 'ऑटोमॅटिक' ठेवा. फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये एचटीटीपीएसवरचं डीएनएस चालू असेल तरी तेच होऊ शकतं. गेटएंटला नाव मिळतंय आणि फक्त ब्राउझरला नाही, तर थेट इथेच या.

तपासणी आणि वीज

लॅपटॉप एकदा तोडून जोडा. 'गेटएंट होस्ट्स कोठार' ला १९२.१६८.२९.१० आणि पूर्ण नाव मिळालं पाहिजे. नुसतं 'कोठार' चालत नाही पण 'कोठार.होम.आर्पा' चालतं, तर शोध-डोमेन पोचलेलं नाही. रिझॉल्व्हडी एकाच शब्दाचं नाव डोमेन जोडल्याशिवाय डीएनएसकडे पाठवत नाही. नुकतंच दुरुस्त केलेलं नाव अजून 'नाही' येत असेल तर ते 'नाही' साठवलेलं आहे: 'रिझॉल्व्हसीटीएल फ्लश-कॅशेस'. कोठारवर 'जर्नलसीटीएल -यू डीएनएसमास्क' बघा. तिथे 'नॉट गिव्हिंग नेम' अशी ओळ असेल तर त्या यंत्राचं नाव होस्ट्स फाईलमध्ये वेगळ्या पत्त्यासह पडलेलं आहे. फाईलमधली नोंद काढा, डीएचसीपी-होस्ट राहू द्या. तरी उमगलं नाही तर घर.कॉन्फमध्ये तात्पुरतं 'लॉग-क्वेरीज' आणि 'लॉग-डीएचसीपी' घाला. कोणी काय विचारलं आणि उत्तर कुठून दिलं हे ओळीओळीने दिसतं.

कोठारकडे पत्ते आणि नावं दोन्ही आल्यावर तो बंद म्हणजे घराचं इंटरनेट बंद, निदान तसंच दिसणार. राऊटर इन्व्हर्टरवर असेल तर कोठारही त्यावर घ्या, आणि त्याच्या बायोसमध्ये वीज परत आल्यावर आपोआप चालू होण्याचा पर्याय लावा. कोठारचा डेस्कटॉप फार वीज खातो म्हणून हे काम पायवर न्यायचं असेल तर जरूर न्या, तिथेही हीच फाईल चालते. फक्त डीएनएससेक तपासणी चालू करणार असाल तर पाय ४ आणि त्याआधीच्या मॉडेलांना घड्याळाची बॅटरी नसते हे ध्यानात घ्या. वीज आल्यावर वेळ चुकीची, वेळ चुकीची म्हणून सह्या अमान्य, सह्या अमान्य म्हणून वेळ-सर्व्हरचं नाव सापडत नाही. टाइमसिंकडी.कॉन्फमध्ये वेळ-सर्व्हर नावाऐवजी आयपी पत्त्याने द्या, किंवा डीएनएसमास्कमध्ये 'डीएनएससेक-टाइमस्टँप' वापरा. पाय ५ वर घड्याळ आहे, पण त्याची बॅटरी वेगळी विकत घेऊन लावावी लागते.